रात्री तीनचे विचार आणि माझी आडवी वही

"पॉझिटिव्ह विचार कर" हे मला इतक्या जणांनी सांगितलंय ना, आणि सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाहीये. पण ज्याच्या डोक्यात चोवीस तास वाईटच चालू असतं त्याला हे सांगून काही होत नाही. उलट आणखी एक ओझं वाढतं, की आपल्याला साधं चांगलं विचार करणंही जमत नाही. मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. विचार पकडायचा, कागदावर उतरवायचा आणि तो खरा आहे का ते तपासायचं. खरा निघाला तर त्यावर काहीतरी करायचं, खोटा निघाला तर सोडून द्यायचा, आणि बहुतेक वेळा तो अर्धा खरा आणि अर्धा फुगवलेला निघतो, तिथेच सगळं काम असतं. हे कसं शिकले ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात यावर कोणी बोलत नाही आणि त्रास मात्र घरोघरी आहे.

आम्ही रत्नागिरी तालुक्यातले, पावसच्या पुढे समुद्राच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे, शिवाय थोडी नारळी-पोफळी आणि काजू. फवारणी, तोडणी, नेपाळी गडी ही बाजू नवरा बघतो आणि गिऱ्हाइकं, पॅकिंग, पैसे, फोन ही माझी बाजू. आधी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, लॉकडाऊनच्या वर्षी मार्केटचं काही खरं नव्हतं तेव्हा आम्ही थेट पुण्या-मुंबईच्या लोकांना पेट्या द्यायला लागलो आणि ते बरं चाललं. दुसऱ्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. वादळ जमिनीवर आदळलं ते गुजरातमध्ये १७ तारखेच्या रात्री, पण त्याआधी ते आमच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि झाडावर उरलेला माल जमिनीवर आला, काही कलमं पण पडली. कोकणातल्या बागायतदाराला हे काही नवीन नाही, उत्तरेकडे श्रीवर्धन-दापोलीकडच्या लोकांचं तर त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने कंबरडं मोडलं होतं, पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. पैशाचं नुकसान हळूहळू भरून निघालं. माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते मात्र थांबेना.

रात्री तीनला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत डोक्याला भुंगा. यंदा मोहोर येणार नाही, आला तर मोहोरावरची तुडतुडा कीड मारणार, तुडतुड्यातून वाचला तर अवकाळी पाऊस येणार, पेट्या गेल्या तरी लोक तक्रार करणार, मुलीच्या फीचे पैसे वेळेवर जमणार नाहीत, आणि हे सगळं माझ्यामुळे होणार. छातीत धडधड, पोटात गोळा, दिवसा फोन वाजला तरी दचकायला व्हायचं. शेवटी शेवटी मी अनोळखी नंबर उचलायचेच बंद केले आणि आमच्या धंद्यात अनोळखी नंबर म्हणजेच नवीन गिऱ्हाईक. सासूबाई म्हणायच्या, "डोक्यात घेऊ नको गो एवढं, मन चिंती ते वैरी न चिंती." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त मन चिंततंय ते थांबवायचं कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

डॉक्टरकडे जायला उशीर का झाला ते पण सांगते. आमच्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की "याला रत्नागिरीला धाडायला हवा" असं म्हणायची पद्धत आहे, कारण मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासून तिथेच आहे. आम्ही तर रत्नागिरीचेच, बाजाराला, बँकेत, एसटी स्टँडला रोजचं जाणं-येणं, तिथे मानसोपचाराच्या रांगेत कोणी ओळखीचं दिसलं तर काय, हीच भीती. म्हणून मी पहिल्यांदा रात्री १४४१६ ला फोन केला. टेलि-मानस म्हणून ही सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालीय, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री-अपरात्री कधीही चालतो. मी पडवीत बसून हळू आवाजात बोलले. समोरच्या मुलीने घाई केली नाही, झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, सगळं नीट विचारलं आणि सांगितलं की प्रत्यक्ष जाऊन दाखवा, हे बरं होण्यासारखं आहे. "बरं होण्यासारखं आहे" एवढं ऐकूनच मला रडू आलं.

मग फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी बघून घेतलं, कारण थायरॉइडमुळे पण अशी धडधड होऊ शकते. ते नॉर्मल आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी काही महिन्यांसाठी गोळी दिली आणि सोबत एका समुपदेशक मॅडमकडे जायला सांगितलं. मी गोळी घेतली आणि त्यात मला काही लपवायचं नाही, शुगरची गोळी घेतो तशीच ही. झोप आधी गोळीने लागायला लागली, पण विचारांचं काम मॅडमबरोबर झालं.

पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं की या पद्धतीत मी तुम्हाला दिलासा देत बसणार नाही, आपण दोघी मिळून तुमचे विचार तपासणार आहोत, आणि खरं काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरी होतं. या पद्धतीला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला अॅरन बेक म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते, १९६० च्या दशकात नैराश्याच्या पेशंटबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं मोठ्याने जे बोलतात त्याच्या मागे अजून एक झटपट विचारांची धार चालू असते, स्वतःबद्दल, जगाबद्दल, पुढच्या दिवसांबद्दल, आणि ती इतकी पटकन येऊन जाते की माणसाला वाटतं हा विचार नाहीच, हे सत्यच आहे. त्याला ते आपोआप येणारे विचार म्हणायचे. बेक शंभर वर्षं जगले, २०२१ मध्ये गेले. त्यांच्या थोडं आधी, १९५० च्या दशकात, न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस पण याच वाटेवर होते. त्यांचं म्हणणं असं की घटनेमुळे थेट त्रास होत नाही, घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो, आणि यासाठी ते एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा दाखला द्यायचे. एलिसची पद्धत आपल्याकडे मराठीत आणण्यात कि. मो. फडके सरांचा मोठा वाटा, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी तर गेली कितीतरी वर्षं हे मराठीत सोपं करून सांगतायत. त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, मी पेट्या भरताना कानात लावून ऐकायचे. आपल्या भाषेत, आपल्या घरातली उदाहरणं घेऊन कोणी बोललं की डोक्यात लगेच शिरतं.

तर वही. मॅडमनी सांगितलं की पानं आडवी धरा आणि रकाने आखा. पहिल्यात काय घडलं, फक्त घडलेलं, आपलं मत नाही. दुसऱ्यात त्या क्षणी डोक्यात काय आलं, जसंच्या तसं. तिसऱ्यात काय वाटलं आणि किती, शून्य ते शंभर. चौथ्यात विचाराच्या बाजूचा पुरावा, पाचव्यात विरुद्ध पुरावा. सहाव्यात दोन्ही बाजू तोलून जे खरं वाटतं ते. आणि शेवटी पुन्हा आकडा. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिले काही दिवस मला दुसरा रकानाच भरता येईना. मी लिहायचे "टेन्शन आलं", "भीती वाटली". मॅडम म्हणायच्या, हा विचार नाही, ही भावना आहे, भीती वाटायच्या आधीच्या सेकंदाला डोक्यात कोणतं वाक्य होतं ते पकडा. ते वाक्य पकडायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझ्या मते तीच या सगळ्यातली किल्ली आहे. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी इथे घाई करू नका, पुढचे रकाने कोरे राहिले तरी चालतील.

एक पान मी नीट उघडून दाखवते. एप्रिलमधली दुपार, मी खळ्यात मांडवाखाली पेट्या भरत होते, आणि पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. कापलेला हापूस, वरून केशरी आणि कोयीजवळ फिक्कट पांढरा, स्पंजसारखा. खाली मेसेज, "तीन आंबे असे निघाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याला साका म्हणतात. हापूसचं हे जुनं दुखणं आहे, आतला गर पांढुरका, आंबूस होतो आणि बाहेरून फळ एकदम देखणं दिसतं, हातात घेऊन, वास घेऊन, दाबून बघून काही काही कळत नाही. मला हे सगळं लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या क्षणाला हात थरथरायला लागले, पुढची पेटी भरता येईना. डोक्यात वाक्य आलं ते "संपलं सगळं".

संध्याकाळी वहीत ते लिहिलं आणि पुढच्या भेटीला घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "'संपलं सगळं' हे तपासायचं कसं? काय संपलं?" मी म्हटलं, धंदा. "कसा संपणार?" त्या बाई सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार. "मग?" मग त्या सोसायटीतल्या सगळ्या ऑर्डरी जाणार. "मग?" मग काय, मी हे करायच्या लायकीचीच नाही हे सगळ्यांना कळणार. असं ओढत ओढत एका वाक्यातून तीन वाक्यं निघाली आणि तिन्ही वेगवेगळी होती. पहिलं भविष्य, दुसरंही भविष्यच पण जरा मोठं, आणि तिसरा सरळसरळ शिक्का. या तीन गोष्टी एकाच बोचक्यात बांधलेल्या असल्यामुळे ते उचलत नव्हतं मला.

पुराव्याच्या रकान्याला मॅडमचा नियम कडक होता. ज्याचा फोटो काढता येईल किंवा जे कागदावर दाखवता येईल तोच पुरावा, "मला तसं वाटतंय" हा पुरावा नाही. बाजूने काय मिळालं? फोटो खरा आहे, साकाच आहे. बाई नाराज आहेत, मेसेज समोर आहे. त्या सोसायटीत आमची बरीच गिऱ्हाइकं आहेत. हे पण लिहायचंच, ते टाळायचं नाही, मला ही गोष्ट फार आवडली कारण "अगं काही नाही होत" म्हणणाऱ्या लोकांपेक्षा ही वही माझ्या भीतीला जास्त मान देत होती. विरुद्ध काय मिळालं? बाईंनी पेटीतल्या बाकीच्या आंब्यांबद्दल काहीच वाईट लिहिलेलं नाही. त्याच तोडणीच्या दुसऱ्या पेट्या गेल्यात, तिथून तक्रार नाही. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे कृषी विद्यापीठवाले पण सांगतात. आणि जुनी गिऱ्हाइकं दरवर्षी परत येतात, त्यांची नावं माझ्याच रजिस्टरमध्ये आहेत.

सहाव्या रकान्यात मी आधी लिहिलं होतं, "सगळं छान होईल". मॅडमनी विचारलं, यावर तुमचा किती विश्वास आहे, शंभरपैकी? मी म्हटलं दहा. "मग खोडा. ज्यावर स्वतःचा विश्वास नाही ते लिहायचं नाही." मग बराच वेळ बसून लिहिलं ते असं: "या पेटीत साका निघाला हे खरं आहे. बाई नाराज आहेत हेही खरं. त्या कोणाला सांगतील का ते मला माहीत नाही. मी आंबे बदलून देऊ शकते. साका कमी कसा होईल ते नवऱ्याशी बोलू शकते. तीन आंब्यांवरून माझी लायकी ठरत नाही." यावर विश्वास ऐंशी. आणि भीतीचा आकडा नव्वदवरून पंचावन्नवर आला. शून्यावर नाही आला. पण पंचावन्नला हात थरथरत नाहीत, फोन करता येतो. मी फोन केला, आंबे बदलून दिले. त्या बाई नंतर परत आल्या नाहीत, ते पण सांगते, पण त्यांच्या सोसायटीतून बाकीच्यांच्या ऑर्डरी आल्या.

आणि साक्याचं पण काम केलं आम्ही. कडक उन्हात जमिनीतून वर येणारी धग आणि आंबा झाडावर फार पक्का होईपर्यंत ठेवणं याने साका वाढतो, म्हणून झाडाखाली सुक्या गवताचं आच्छादन घालायला आणि फळ साधारण ८०-८५ टक्के तयार झालं की उतरवायला सांगतात. आधी मी रडण्यात आणि काळजीत इतकी बुडालेली असायचे की या साध्या गोष्टीबद्दल बोलणंच व्हायचं नाही. भीतीमुळे माणूस जास्त सावध होतो असं आपण समजतो, माझं तरी उलट झालं होतं.

वही भरत गेली तसे माझे ठरलेले साचे दिसायला लागले. पुस्तकी याद्यांमध्ये दहा-बारा प्रकार असतात, माझ्यात ठळक तीनचार. सगळ्यात मोठं म्हणजे भविष्य सांगणं, आणि नेहमी वाईटच. दुसरं, एक तक्रार आली की पन्नास चांगले मेसेज मोजायचेच नाहीत, "ते काय, चांगुलपणाने म्हणतात लोक". तिसरं, मला भीती वाटतेय म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट होणार, म्हणजे भावनेलाच पुरावा धरायचं. आणि चौथं, समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकायचं. यातलं चौथं घरातल्या माणसांच्या बाबतीत फार त्रास देतं, त्याचाही एक प्रसंग सांगते.

शिमग्याला माझी मोठी जाऊ मुंबईहून आली होती. पालखी घरी आली, ओट्या भरल्या, सगळं झालं, पण ती माझ्याशी नीट बोलली नाही, मी चहा दिला तर नुसतं "ठेव" म्हणाली. झालं, मनात पाल चुकचुकली. वहीत वाक्य लिहिलं: "वहिनींना वाटतंय की बागेचे पैसे आम्ही खातो." भीती सत्तर, राग साठ. पुरावा लिहायला बसले तर बाजूने फक्त दोनच गोष्टी, बोलली नाही आणि "ठेव" म्हणाली. बागेच्या पैशाचा तर विषयच निघाला नव्हता! मॅडम म्हणाल्या, अशा वेळी वहीत कितीही लिहा, समोरच्याच्या मनातलं वहीत सापडणार नाही. विचारावं लागेल. मला ते फार अवघड गेलं. आमच्याकडे जावाजावांत असं सरळ विचारायची रीत नाही, मनात ठेवायचं आणि तिसऱ्याला सांगायचं हीच रीत. पण ती जायच्या आदल्या दिवशी मागच्या दारी नारळ सोलताना विचारलं, "वहिनी, माझं काही चुकलंय का? तुम्ही नाराज दिसता."

ती नाराज होतीच. म्हणजे माझा अंदाज तेवढा बरोबर होता. पण कारण पैशाचं नव्हतं, तिला कोणीतरी सांगितलं होतं की माडीवरच्या त्यांच्या खोलीत आम्ही बारा महिने पेट्या आणि गवत भरून ठेवतो, आता त्यांना गावी यायला जागाच उरली नाही. पेट्या तिथे असतात ते खरं, पण एप्रिल-मेपुरत्या. तिला वर नेऊन खोली दाखवली. आणि ठरवलं की पावसाच्या आधी सगळं खळ्याच्या शेडमध्ये हलवायचं आणि किल्ली तिच्याकडे पण एक द्यायची. ती लगेच गोड झाली असं नाही, पण गणपतीला आली तेव्हा मोदक वळायला माझ्या शेजारी बसली. मी जर विचारलं नसतं तर मी पैशाचे हिशेब मांडत बसले असते जे कोणी मागितलेच नव्हते.

नंतर मॅडमनी अजून एक गोष्ट करायला लावली, अंदाज आधी लिहून मग करून बघायचं. माझा एक पक्का समज होता की सीझनच्या आधी लोकांना मेसेज टाकला तर ते वैतागतात, ब्लॉक करतात. म्हणून मी कोणाला स्वतःहून कळवायचेच नाही आणि ऑर्डर कमी आली की म्हणायचे, बघा, लोकांना आपण नको आहोत. तर वहीत तारीख घालून अंदाज लिहिला, "निम्मे तरी ब्लॉक करतील, कोणीही ऑर्डर देणार नाही", आणि रजिस्टरमधल्या काही जुन्या लोकांना साधा मेसेज टाकला की यंदा फळ कधी सुरू होईल आणि भाव अंदाजे काय असेल. पोटात गोळा होताच. काहींनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की यंदा नको. बऱ्याच जणांनी पेटी लिहून ठेवायला सांगितली आणि एका आजींनी तर फोन करून कोयाड्यासाठी, म्हणजे आंब्याच्या रस्साभाजीसाठी, रायवळ आंबे मिळतील का विचारलं. ब्लॉक कोणी केलं असेल तर मला समजलं नाही. अंदाज आणि घडलेलं शेजारी शेजारी लिहिलेलं पान मी अजून मधूनमधून काढून वाचते, कारण मनाला जुने अंदाज किती चुकले ते लक्षातच राहत नाही, बरोबर आलेला एकच लक्षात राहतो.

आता पावसाचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्यासारख्यांची काळजी काही नुसती मनाची नसते. मेमध्ये आभाळ काळं झालं आणि मला वाटलं की माल जाणार, तर हा काही विकृत विचार नाही, जाऊ शकतो माल! मी मॅडमना चिडून विचारलं पण होतं, तुमची वही वादळाला काय करणार? त्यांनी शांतपणे सांगितलं की शक्यता खरी असली तर ती पुसायची नाही, दोन प्रश्न विचारायचे. आत्ता, आज, यावर मी करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते लिहा आणि करा. नसेल तर मग हा विचार माझं काही काम करत नाहीये, फक्त झोप खातोय. करण्यासारखं असतं बरंच: हवामान खात्याचा अंदाज दिवसातून ठरलेल्या वेळी बघायचा, तयार फळ आधी उतरवून आढीत घालायचं, फळपीक विम्याचे कागद वेळेत भरायचे, कारण तो विमा हवामानाच्या नोंदींवर चालतो आणि मुदत गेली की गेली. हे झाल्यावर उरलेल्या काळजीला मी संध्याकाळी दिवेलागणीनंतरचा थोडा वेळ ठरवून दिलाय. दिवसभरात विचार आला की वहीत एक ओळ टाकायची, "संध्याकाळी बघू". संध्याकाळी बघितलं की निम्म्या ओळींचं काही वाटतच नाही. आणि रात्री तीनला जाग आली तर एकच नियम, या वेळेला आलेल्या विचारावर निर्णय घ्यायचा नाही, सकाळी उजेडात लिहायचं.

काही गोष्टी जमत नाहीत त्याही सांगते. दमलेली असले, आजारी असले की वही नकोशी होते आणि चार दिवस लिहिलं नाही की जुनं चक्र हळूच सुरू होतं. घाईघाईत मनातल्या मनात करायला गेलं की ते तपासणं राहत नाही, स्वतःशी भांडण होतं, म्हणून माझ्यासारख्यांनी तरी हाताने लिहावं. आणि वहीला मर्यादा आहेत. दिवसचे दिवस उठावंसं वाटत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा जीव नकोसा झालाय असे विचार येत असतील तर वही घेऊन एकट्याने बसू नका, १४४१६ ला फोन करा किंवा डॉक्टरकडे जा, घरातल्या एका माणसाला तरी सांगा. घरात कोणी मारहाण करत असेल, फसवत असेल, तर तिथेही "माझाच विचार चुकतोय का" असं तपासत बसायचं नाही, तिथे विचार बरोबर असतो आणि मदत वेगळी लागते. साधारणपणे सहा ते वीस भेटींत हे शिकवून होतं असं म्हणतात, कोणाला कमी लागतात कोणाला जास्त, मोजत बसू नये.

मी आता मॅडमकडे क्वचित जाते. त्या रांगेत मला ओळखीची माणसं भेटली पण, आमच्याच पलीकडच्या वाडीतली एक बाई भेटली, दोघी क्षणभर गप्प झालो आणि मग तिनेच विचारलं, "तुला पण झोप नाही का गो?" आता आम्ही एकाच एसटीने जातो.

"हे सगळं माझ्यामुळे" हे वाक्य मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही, विशेषतः मुलीच्या बाबतीत. ती यंदा बारावीला आहे, चाचणीत मार्क कमी आले की माझ्या डोक्यात पहिलं तेच येतं, सीझनमध्ये मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून. या विचाराच्या बाजूचा रकाना भरलाय, विरुद्धचा अर्धा कोरा आहे कारण त्यासाठी तिलाच विचारायला लागेल की तुला काय वाटतं. परीक्षेआधी विचारू की नंतर, ते या आठवड्यात मॅडमना विचारणार आहे.